भिंतीवरची दुपार

वेदरबी, ओहायो
९ सप्टेंबर १९८४

प्रिय नेटी,

पाकिटावरचं भावाचं अक्षर ओळखून तू हे पत्र थेट शेगडीत टाकणार, असं धरूनच लिहायला बसलोय. म्हणून महत्त्वाचं आधी सांगतो, म्हणजे जळायच्या आत चार ओळी तरी वाचल्या जातील. मी जिवंत आहे. दात सगळे जागेवर आहेत. पैसे नकोत. आणि गेलं दीड वर्ष मी एकाच गावात, एकाच ठिकाणी आहे.

शेवटचं वाक्य पुन्हा वाच. मीही लिहून झाल्यावर दोनदा वाचलं.

बफेलोहून मला मुकादम केल्याचं कळवलं होतं आणि ते पत्र तुला मिळायच्या आधीच मी बफेलो सोडलं होतं, हे तू विसरलेली नसणार. सफरचंदाच्या बागेतली भागीदारीही विसरली नसशील. पण हे तसलं नाही. मी एका कॉलेजात आहे. कॉलेजचं स्वतःचं चित्रांचं म्युझियम आहे, लाल विटांचं, आपल्या गोठ्याहून थोडं मोठं आणि वासाला बरंच बरं. दर गुरुवारी भर दुपारी तिथे एका चित्रापुढे खुर्च्या मांडतात आणि कुणीतरी त्या एकाच चित्रावर बोलतं. गावातलं कुणीही यावं, फुकट. बोलणं संपलं की तळघरात बटाट्याचं सूप आणि मक्याचा पाव. मी एकही गुरुवार चुकवलेला नाही.

गेल्या गुरुवारी एक प्राध्यापक ताटातल्या तीन माशांवर पाऊण तास बोलले. तू काय म्हणशील ते मला इथवर ऐकू आलं: "पाऊण तास? तळायला किती लागले?" पण खरं सांगतो, शेवटी शेवटी मला त्या मधल्या माशाची काळजी वाटायला लागली होती.

तीन वर्षांत तुझी एक ओळ नाही. गोठ्याच्या दारात उभी राहून तू म्हणालीस, पुढच्या वेळी तुझं ताट मांडणार नाही, आणि तू बोललेलं पाळतेस, हे मला माहीत आहे. मी ताट मागत नाहीये. गायी कशा आहेत एवढंच कळव. बाबांच्या वेळची ती लाथाडी अजून आहे का?

हॉलिस

३ ऑक्टोबर

प्रिय नेटी,

उत्तर नाही. म्हणजे पत्र एक तर जळालं, नाही तर वाचलं. वाचलं असेल, तर मी कॉलेजात शिकतोय असं तुला वाटलं असेल. तसं मी कुठे लिहिलेलं नाही, हवं तर बघ. पण तसं वाटावं म्हणून वाक्यं फिरवून फिरवून लिहिली होती, हे मात्र खरं. ते पत्र टाकल्यापासून जेवण गोड लागेना, म्हणून आज सरळ लिहितो.

मी खुर्च्या मांडतो. गुरुवारच्या खुर्च्या मांडतो आणि उचलतो. भिंती रंगवतो, खिळे ठोकतो, चित्रं लावतो, काढतो, खोक्यात भरतो. आमच्यावर गस म्हणून फोरमन आहे. त्याचं एकच तत्त्व: चित्र हातात असताना शिंक आली तर गिळायची. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं, वसंत आला की निघू. वसंत आला आणि गेला. मी कधी निघणार, याचा विचार करायचाच राहून गेला. असं माझं कधी झालं होतं का, तूच सांग.

हे सगळे कार्यक्रम ज्या चालवतात त्या मिस ऑर्डवे. पन्नाशीच्या, उंच, केसांत पेन्सिल खोवलेली. पेन्सिलच, कारण आत शाईचं पेन न्यायचं नाही असा नियम आहे. मंगळवारी त्या शाळेतली लहान पोरं आणतात, त्यांना जमिनीवर पोटावर झोपवतात आणि विचारतात, "काय चाललंय या चित्रात?" पोरगं काहीही बोललं तरी पुढचा प्रश्न, "कशावरून?" आणि मग, "आणखी काय दिसतं?" बस, हे तीनच प्रश्न. उत्तर स्वतः कधी म्हणजे कधी देत नाहीत. मागच्या आठवड्यात एका मोठ्या धर्मगुरूच्या चित्रापुढे एक पोरगी म्हणाली, "त्याला शूला लागलीय." मास्तरीणबाई लाल झाल्या. मिस ऑर्डवे शांतपणे म्हणाल्या, "कशावरून?" पोरगी म्हणाली, "गुडघे बघा की." सगळ्यांनी बघितले. नेटी, खरंच तसे होते. आता मला तो धर्मगुरू दुसरा काही दिसतच नाही.

गुरुवारचे लोक ठरलेले. मिस्टर स्टुबिंग, म्हातारे न्हावी, दुकान आता मुलाकडे दिलंय. पहिल्या रांगेत बसतात आणि वक्त्याने नमस्कार केला की डोळे मिटतात. मिसेस काल्हून, शाळेतून निवृत्त झालेल्या, बसायला घरून उशी आणतात आणि स्टुबिंगना कोपर मारायला शेजारी बसतात.

आणि एक चित्र आहे. जिन्याच्या वरच्या दालनात, ज्या भिंतीला मी स्वतः दोन हात दिलेत तिच्यावर. भलं मोठं. शंभरेक वर्षांपूर्वी इकडच्याच कुणीतरी काढलेलं. कापलेलं गवत, दुपारची वेळ आणि मधोमध एक माणूस आडवा पडलाय. झोपलाय. बाकी काही घडत नाही. माझे पाय कसे आहेत ते तुला माहीत आहे. चर्चमध्येही बाबा माझ्या गुडघ्यावर हात दाबून बसायचे. पण जेवणाच्या सुट्टीत मी त्या चित्रापुढच्या बाकावर जाऊन बसतो आणि पाय गप्प राहतात. कारण विचारू नकोस. मिस ऑर्डवेंनी विचारलं, तेव्हाही सांगता आलं नाही.

हॉलिस

२५ ऑक्टोबर

प्रिय नेटी,

हे पत्र उभ्याउभ्याच लिहितोय, कारण बसवत नाहीये.

इथे एक रीत आहे. नोव्हेंबरातले गुरुवार प्राध्यापकांचे नसतात, इमारतीत राबणाऱ्यांचे असतात. ज्याने त्याने आपलं एक चित्र निवडायचं आणि लोकांपुढे बोलायचं. गेल्या वर्षी बॉयलर सांभाळणारा बोलला. झाडू मारणारी डोरीन बोलली आणि स्टुबिंग चक्क जागे राहिले. ते गावात अजून सांगत फिरतात, म्हणजे जागे राहिल्याचं.

आज खुर्च्या घडी करताना मिस ऑर्डवे म्हणाल्या, "हॉलिस, पंधरा तारीख तुझी."

मी म्हटलं, "बाई, मी दहावीत शाळा सोडली."

"मी शाळेबद्दल नाही विचारलं. चित्र कुठलं?"

"झोपलेला माणूस," मी म्हटलं. बोलून गेलो आणि मग घाम फुटला.

"छान. वाचून आलेलं बोलायचं नाही. दिसतं तेवढंच बोलायचं."

गस म्हणाला, "दिसतं तेवढं याने सांगितलं तर अर्ध्या मिनिटात सूप."

नेटी, तू ये. मला माहीत आहे, गायींना सुट्टी नसते. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, आजी गेली त्या दिवशीही बाबा मधेच उठून दूध काढायला गेले होते. पण आर्मां शेजारीच आहे. त्याच्या स्वतःच्या गायी त्याने गेल्या वर्षी विकल्या, असं आपल्या टपालवाल्याने मला कळवलं. (तू लिहीत नाहीस म्हणून मी त्याला लिहितो. त्याला रागावू नकोस.) त्याचे हात रिकामे असतील. आणि तू सांगितलंस तर तो चंद्रावरच्या गायींचंही दूध काढून येईल, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, एक तुला सोडून.

पंधरा नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी बारा.

हॉलिस

५ नोव्हेंबर

प्रिय नेटी,

कार्ड मिळालं!

गसला दाखवलं. त्याने उलटं करून बघितलं आणि विचारलं, "एवढंच?" त्याला काय कळणार. "दीड वर्ष एका जागी हे खरं असेल तर डोळ्यांनी बघायचंय. बुधवारी सकाळचं दूध काढून निघते. एन." हे आपल्या घरातलं केवढं मोठं पत्र झालं, ते त्याला काय सांगू. आजोबा युद्धावरून याहून कमी लिहायचे.

मला कळतंय, तू माझं बोलणं ऐकायला येत नाहीयेस. तपासायला येत्येस. गायीला पाणी पाजलं म्हणून सांगितलं की तू येऊन हौदाची कड बोटाने बघायचीस, तशी. ये, बघ. माझी काही हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच हौद भरलेला आहे. म्युझियम आहे, खुर्च्या आहेत, चित्र आहे, मी आहे. यातलं काही एक मी बनवलेलं नाही.

बस सकाळी अकराच्या सुमाराला येते, औषधांच्या दुकानापुढे थांबते. मी खुर्च्या मांडत असेन, म्हणून तिथे येता येणार नाही. पण दुकानातून बाहेर बघितलं की समोर टेकडी, टेकडीवर लाल विटा. राहण्याची सोय मिसेस काल्हूनकडे केलीय. त्या आग्रहाने खायला घालतील. नाही म्हणू नकोस, त्या ऐकत नाहीत.

मी काय बोलायचं ते रोज ठरवतोय आणि रोज बदलतोय. काल आरशापुढे बोललो, चार वाक्यांत संपलं. आज सात झाली.

चार दिवसांपासून नीट झोप नाही. बरं वाटतंय, तरीही नाही.

हॉलिस

१४ नोव्हेंबर, बुधवार दुपार

प्रिय नेटी,

हे पत्र टपालात टाकत नाहीये, तू आत्ता बसमध्ये असशील. औषधांच्या दुकानातल्या बाईंकडे ठेवतोय. तुझं वर्णन सांगितलंय: उंच, बाबांचा कोट, कुणाकडेही हसत नाही. वर यायच्या आधी हे वाच. वाचल्यावर यावंसं वाटलं नाही तर परतीची बस तिथूनच मिळते.

चित्र गेलं.

तसं ते जाणारच होतं. शिकागोच्या एका मोठ्या म्युझियमने प्रदर्शनासाठी मागितलं होतं, पण डिसेंबरात. काल सकाळी दारात ट्रक उभा. चित्रं नेणारे ट्रक वेगळे असतात, आतून गादी लावलेले, आणि महाग, म्हणून एकच ट्रक चार गावांची चित्रं गोळा करत जातो. ड्रायव्हर म्हणाला, "वाटेवरच होतो. आत्ता दिलंत तर नेतो, डिसेंबरात इकडे फेरी नाही." चित्रं उसनी देणाऱ्या कचेरीने बरं म्हटलं. गुरुवारचे कार्यक्रम मिस ऑर्डवेंच्या खोलीतल्या कॅलेंडरवर असतात आणि त्या कचेरीत बसणाऱ्यांनी ती खोली कधी बघितलेली नसते. मिस ऑर्डवे या मंगळवारची पोरं रद्द करून दोन दिवस बाहेरगावच्या शाळांत. मी गसला म्हटलं, परवा माझं बोलणं आहे. गस म्हणाला, "ट्रक थांबलाय, हॉलिस." आमच्याकडे या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

तर मीच काढलं. मीच कागदात गुंडाळलं, मीच खोक्यात बसवलं आणि मीच स्क्रू पिळले. एकदाही शिंकलो नाही.

आता तिथे भिंत आहे. चित्र टांगायचे दोन आकडे आहेत आणि चित्राच्या आकाराचा एक गडद चौकोन, कारण बाकीचा रंग उन्हाने उडालाय. खाली पाटी तेवढी राहिलीय, चित्राचं नाव: दुपार.

गस म्हणतो दुसरं चित्र टांगू, त्यावर बोल. धर्मगुरूवर बोल, लोक हसतील. पण नेटी, मी तुला याच चित्राचं लिहिलंय. तू एक दिवस आणि एक रात्र बसने येणार आणि मी म्हणणार, ते चित्र ना, होतं गं, परवाच गेलं. बफेलोतली मुकादमीसुद्धा परवाच गेलेली होती. तुझ्या चेहऱ्यावर काय येईल ते मला आत्ताच दिसतंय आणि तुझ्या जागी मी असतो तर माझ्याही चेहऱ्यावर तेच आलं असतं.

मिस ऑर्डवे आत्ता तासापूर्वी आल्या. कोट न काढताच वर गेल्या, भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लोक येणार आहेत ना?"

"येणार."

"तू ते चित्र किती दिवस बघितलंयस?"

"बरेच."

"मग खुर्च्या इथेच मांड."

मांडतोय. तू येशील की नाही ते तूच ठरव.

हॉलिस

१८ नोव्हेंबर

प्रिय नेटी,

पोचली असशील. आर्मांने दूध नीट काढलं की नाही, हे त्याला विचारायच्या आधी तू गायींना विचारलं असणार.

बुधवारचं पत्र सोबत घातलंय. ते औषधांच्या दुकानात तसंच पडून होतं. बस दीड तास उशिरा आली, तू दुकानात पाय न ठेवता सरळ टेकडी चढलीस, म्हणून तुझ्या हाती लागलं नाही. म्हणजे तू दारातून आत आलीस तेव्हा तुला काहीच माहीत नव्हतं. तू येण्याआधी काय झालं तेही नाही. शुक्रवारी तू निघेपर्यंत मला ते सांगायचं धाडस झालं नाही. आता सांगतो.

बाराला सगळ्या खुर्च्या भरल्या. मी दाराकडे बघत थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गस मागून बोटाने घड्याळ दाखवत होता. शेवटी मी म्हटलं, "इथे एक चित्र होतं. परवापर्यंत. मीच काढलं." कुणीतरी हसलं. पाठ केलेली सातही वाक्यं पळाली. मला फक्त मिस ऑर्डवे दिसत होत्या, केसातल्या पेन्सिलीसकट, म्हणून त्यांचंच वाक्य तोंडात आलं: "काय चाललंय या चित्रात?"

समोर गडद चौकोन आणि दोन आकडे.

मग मिसेस काल्हून म्हणाल्या, "माणूस झोपलाय."

"झोपलाय कसला," असं म्हणून स्टुबिंगनी डोळे उघडले. "मेलाय तो."

सगळे वळले. मी म्हटलं, "कशावरून?"

"जन्मभर हेच केलंय, पोरा. गावातल्या निम्म्या लोकांची शेवटची दाढी मी केलीय. हनुवटी अशी वर जाते. मी पहिल्यापासून बघतोय, मेलेलाच आहे."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही इथे मढ्यासमोर झोपा काढताय?" मिसेस काल्हून.

"त्याची काही तक्रार नव्हती."

"अहो, मेलेला माणूस एक बूट काढून शेजारी ठेवतो का?"

"घाई झाली असेल."

मग काय विचारतेस. घोडा होता यावर एकमत, पण तो तपकिरी की पांढरा यावर दोन तट. बॉयलरवाला म्हणाला पाण्याचा बुधला आहे, डोरीन म्हणाली बुधला नाही, ती पुसते तिथे बुधला असता तर तिला दिसला असता. लोक उठून भिंतीजवळ जाऊन बोट ठेवायला लागले, इथे दाताळं, इथे गंजी. रिकाम्या भिंतीवर! आणि मी "कशावरून?" आणि "आणखी काय?" एवढंच म्हणत होतो, आणि नेटी, मला मजा येत होती. तुझी वाटही बघायचं विसरलो होतो, खरं सांगायचं तर.

तेवढ्यात तू दारात.

बाबांचा कोट, हातात पिशवी. आधी तू भिंतीकडे बघितलंस, मग भिंतीवर बोट ठेवून भांडणाऱ्या त्या म्हाताऱ्यांकडे, मग माझ्याकडे. हौदाच्या कडेवरून बोट फिरवून झाल्यावर तू जशी बघायचीस, तशी. मिसेस काल्हून म्हणाल्या, "बसा बाई, आम्ही चित्र शोधतोय," आणि आपली उशी दिली. तू बसली नाहीस. तू विचारलंस, म्हणजे तुला आठवत असेल, पण ते कसं ऐकू आलं हे मला सांगू दे, कारण भिंतीवरची सगळी बोटं खाली आली: "गवत कापून पडलंय आणि हा झोपलाय, तर याला उठवत का नाही कुणी?"

ते त्यांना नव्हतंच, मला होतं. सगळ्यांना ते कळलं असावं.

मी चौकोनाकडे बघितलं. मला जे दिसलं तेच मी म्हटलं, "त्याच्या तोंडावर टोपी आहे. गवताची, रुंद काठाची, निळी फीत लावलेली. बाईमाणसाची टोपी. कुणीतरी उठवायला आली होती. आली, बघितलं आणि उठवलं नाही. आपली टोपी त्याच्या तोंडावर ठेवली आणि उघड्या डोक्याने परत कामाला गेली. ती चित्रात नाही. पण काम तीच करत्येय."

एवढं सलग मी कधी बोललो नव्हतो.

तू काहीच म्हणाली नाहीस. भिंतीकडे बघत राहिलीस आणि मग बसलीस, उशीवर. गसने मागे शिंक गिळली. निदान तो तरी म्हणतो की ती शिंक होती.

सूप दोन वाट्या घेतलंस, ते मी बघितलं. "आता तुम्हीच सांगा, मेलाय ना?" असं स्टुबिंगनी विचारल्यावर तू म्हणालीस, "माझ्या शेतात असता तर असता." ते वाक्य आता न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकागणिक सांगितलं जातंय. आणि शुक्रवारी बसच्या पायरीवरून तू म्हणालीस, "भिंत बरी रंगवलीयेस." मी दिवसभर शीळ घालत होतो.

आता खरं सांगायचं ते. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं.

तू गेल्यावर मिस ऑर्डवेंनी कपाटातून त्या चित्राचा फोटो काढला, पैजा लागल्या होत्या म्हणून. घोडा पांढरा, मिसेस काल्हून हरल्या. बूट आहे. बुधला आहे, डोरीन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आणि टोपी नाही. निळ्या फितीची नाही, कसलीच नाही. त्याचं तोंड उघडं आहे, उन्हात. दीड वर्ष जेवणाची सुट्टी मी त्या चित्रापुढे काढली, मंगळवारी स्वतःच्या हाताने ते खोक्यात भरलं, आणि टोपी त्यात कधी नव्हतीच.

मिस ऑर्डवेंनी विचारलं, "तुला टोपी दिसली, ती कशावरून?" मी फोटो उलटा करून मागची बाजूही बघितली.

तू म्हणशील, हॉलिसने पुन्हा एक रचून सांगितलं आणि याही खेपेला मी ऐकून घेतलं. नेटी, या वेळी मी रचलं नव्हतं. ती मला दिसली होती. मी पुरावा देऊ शकत नाही. एवढंच लिहू शकतो, आणि ते लिहिलं.

हॉलिस

ईस्ट क्रॅनफर्ड, व्हर्मॉंट
२ डिसेंबर १९८४

हॉलिस,

लिहायला वेळ नव्हता. दोन गायी व्यायल्या, दोन्ही कालवडी. लाथाडी म्हातारी झालीय पण अजून लाथ मारते. आर्मांला मारली. तो म्हणाला, तिला मी आवडतो. मी म्हटलं, मग तिच्याशीच लग्न कर. तो म्हणाला, तिला विचारून झालं, आता तुझ्याकडे आलोय. अजून उत्तर दिलेलं नाही. टपालवाल्याला कळवू नकोस.

टोपीचं. ती चित्रात नसणारच. ती माझी होती.

तू सहा वर्षांचा होतास. वरच्या शेतात गवत ओढत होतो, तुला पाणी आणायला लावलं होतं. येईना म्हणून बघायला आले तर तू गंजीच्या कडेला पडलेला, पाणी सगळं सांडलेलं, तोंडावर ऊन. बाबा लांबून ओरडले, उठव त्याला. मी उठवलं नाही. टोपी ठेवली आणि गेले. संध्याकाळपर्यंत माझं कपाळ सोलवटलं आणि आईने टोपी खराब केली म्हणून मला धुतलं. फीत निळीच होती. तुला ते माहीत आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तू झोपलेला होतास.

त्या दिवशी तुझ्या त्या भिंतीसमोर मला खोकला आला होता, म्हणून बोलले नाही.

वरच्या शेतातलं गवत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कापायचंय. तुझ्या मिस ऑर्डवेंना विचार, पंधरा दिवस सोडतील का. विचारल्याशिवाय निघू नकोस, नाही तर कामावरून जाशील आणि मग मी तुला घरातही घेणार नाही. कापणी झाली की परत जायचं. ते लोक गुरुवारी कुठे बसतील?

येताना टोपी स्वतःची आण. माझ्याकडे एकच आहे.

नेटी